कोरमला एक कमी

(परदेशी राहणाऱ्या सभासदांना खुले पत्र)

विलेपार्ले (पूर्व), मुंबई
१६ नोव्हेंबर २०२५

प्रति,
आमच्या सोसायटीचे परदेशात राहणारे नऊ सभासद,
आणि मुंबईतल्या इतर सोसायट्यांचे असेच सभासद

विषय : तहकूब सभा, संपची (जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची) मोटार आणि मातृभूमीचा अभिमान

स. न. वि. वि.

हे पत्र खुलं लिहितो आहे, कारण बंद पत्रं लिहून झाली. जूनमध्ये ईमेल केला. नऊजणांपैकी एकाने उत्तर दिलं आणि एकाच्या संगणकाने 'मी सुट्टीवर आहे' असं परस्पर कळवलं. जुलैत पोस्टाने नोटिसा धाडल्या. त्यातली एक परत आली, तिच्यावरचा शिक्का कोणत्या भाषेतला होता हे कमिटीत कुणालाच कळलं नाही. मग व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलं, तर चार अंगठे आले. अंगठ्याचा अर्थ 'येतो', 'वाचलं' की 'तुमचं चालू द्या', हे मला अजून उमगलेलं नाही. त्याच ग्रुपवर १५ ऑगस्टला मात्र पहाटेपासून तिरंगे फडकत होते. पहिला सिडनीहून आला, कारण तिथे दिवस आधी उगवतो. शेवटचा सॅन होजेहून आला, तेव्हा आपल्याकडे १६ तारीख उजाडली होती. मधल्या वेळात नऊच्या नऊ जण हजेरी लावून गेले. एवढा कोरम मला वर्षभरात दुसऱ्या कशालाच मिळालेला नाही.

टोमणा मारण्यासाठी हे लिहीत नाही. म्हणजे थोडा मारायचा आहेच, पण तेवढ्यासाठी शाई खर्च करण्याचं माझं वय राहिलं नाही.

तर वस्तुस्थिती अशी. आपली इमारत १९६४ ची. तळमजला अधिक तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. ज्या कठड्यावरून तुम्ही घसरत खाली यायचात, त्याला आता दोन ठिकाणी सुतळीने बांधलं आहे. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका स्ट्रक्चरल ऑडिट करायला लावते. आपला अहवाल गेल्या वर्षी आला : वर्ग सी-टू-बी. इमारत रिकामी करायला नको, पण स्ट्रक्चरल दुरुस्ती हवी. आता पैसे ओतून दुरुस्ती करायची की पुनर्विकासाला जायचं, हे सभेने ठरवायचं. पुनर्विकासाला जायचं तर सरकारचे ४ जुलै २०१९ चे निर्देश आहेत. सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत (हाच तो कोरम) आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांचा होकार हवा. चोवीसचे दोन तृतीयांश सोळा. तुम्ही नऊ वजा केलेत की इथे उरतो आम्ही पंधरा.

पंधराचे पंधरा आले होते, दोन्ही वेळा. १७ नंबरच्या आजींना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवलं. ३ नंबरचे काका डायलिसिसहून घरी न जाता थेट आले, हाताला पट्टी तशीच. पुढेमागे कुणी 'सभा झालीच नाही' म्हणू नये म्हणून शूटिंगवाला बोलावला होता. त्याने अर्धा तास आमचं आणि रिकाम्या खुर्च्यांचं चित्रण केलं. अर्ध्या तासाने मी उभा राहिलो आणि कोरमअभावी सभा तहकूब झाल्याचं वाचून दाखवलं. आजींना परत वर नेलं. शूटिंगवाल्याचे पैसे दोन्ही वेळा द्यावे लागले.

एक माणूस कमी पडला. नऊजणांतला कुणीही एक.

तुमचं देशावर प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. उलट, इथे आम्हाला रोजच्या धबडग्यात ज्याची आठवणही होत नाही, त्या गोष्टींसाठी तुमचा जीव तुटतो. गुढी उभारायला काठी मिळाली नाही म्हणून कुणी हॉकीची स्टिक उभी केलेली फोटोत बघितली आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे आणि उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. इथे पार्ल्यात नाटकाच्या तालमीला दहा माणसं गोळा करताना काय होतं ते मला विचारा. त्यामुळे तुमचा अभिमान खोटा नाही. माझी तक्रार एवढीच, की तो ज्या भारताबद्दल आहे त्याला पत्ता नाही. माझ्या भारताला पत्ता आहे, पिन कोड आहे आणि त्याच्या संपची मोटार जळते.

मोटारीचं सांगतो. आपल्या गणपतीचं पन्नासावं वर्ष होतं तेव्हा परदेशातून एक लाख ऐंशी हजार वर्गणी जमली. न मागता. मखर असं झालं की शेजारच्या तीन इमारतींतून लोक बघायला आले. आरतीला तुम्ही सगळे फोनवर होतात. 'घालीन लोटांगण'च्या मध्येच नेट अडकलं आणि 'थांबा, थांबा, परत घ्या' असा आवाज आला, म्हणून आम्ही बाप्पाला दोनदा लोटांगण घातलं. त्याच साली दिवाळीत संपची मोटार जळाली. सत्तावीस हजारांचा खर्च, माणशी साधारण अकराशे पंचवीस. बाहेरून पैसे आले दोघांचे. तिसऱ्याने विचारलं, 'तीन कोटेशन्स घेतली होती का?' घेतली होती, पाठवली. मग काही आलं नाही.

वाईट याचं वाटलं नाही की पैसे आले नाहीत. पुढच्या वर्षी थकबाकीत आले, व्याजासकट आले. वाईट याचं वाटलं, की मखराच्या वेळी तुम्ही 'आपला गणपती' म्हणालात आणि मोटारीच्या वेळी 'तुमची कमिटी'.

मे महिन्यातली गोष्ट. १९ नंबरमध्ये फ्लशची टाकी फुटली आणि खाली १३ नंबरच्या बेडरूममध्ये छतातून धार लागली. सात बंद घरांच्या चाव्या माझ्याकडे असतात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी चिकटवून. पण मालकाच्या परवानगीशिवाय कुणाचं दार उघडायचं नाही, असा ठराव आहे आणि तो मीच मांडलेला. आपल्याकडे दुपार म्हणजे कॅलिफोर्नियात मध्यरात्र. मी उभ्या लाइनचा कॉक बंद केला, म्हणजे त्या लाइनीतल्या बाकी तीन घरांचंही पाणी गेलं. रात्री आठला उत्तर आलं : 'काका, वीकेंडला निवांत बोलू या का?' चूक त्या मुलाची नाही म्हणा. तो नुकताच उठला असेल, समोर कामाचा दिवस असेल, आणि त्याच्या डोळ्यांपुढे ते घर अजून तसंच असेल जसं त्याची आई ठेवायची. तिथे पाणी गळू शकतं हे त्याच्या कल्पनेतच बसत नसेल. आपण सोडलेलं घर आपण सोडलं त्या दिवशीच थांबतं. इकडे छत मात्र गळत राहतं.

मी हे कुठल्या तोंडाने बोलतो, असं तुमच्यातल्या थोरल्यांना वाटेल. कारण त्यांना आठवत असेल, मीही सात वर्षं परदेशी होतो. धाकट्यांसाठी सांगतो.

१९८३ साली मी कुवेतला गेलो, एका कंपनीत हिशेबनीस म्हणून. तेव्हा इथे पगार किती होता ते सांगितलं तर तुम्ही हसाल. तिथून पैसे पाठवले, बहिणीचं लग्न झालं, घरात फ्रीज आला. दोन वर्षांनी एकदा यायचो, येताना अत्तराच्या बाटल्या, टँगचे डबे, आणि तोंडात एकच पालुपद : आपल्याकडे शिस्त नाही. सात वर्षांत सोसायटीच्या एकाही सभेला मी नव्हतो. सुट्टीत आलो असताना सभा होती एकदा, त्या दिवशी आम्ही महाबळेश्वरला गेलो. गच्चीवरच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी महिना चाळीस रुपये वाढवले, तेव्हा मी तिथून चार पानी पत्र पाठवून हरकत घेतली होती. ते पत्र मुद्देसूद होतं. इंग्रजीत होतं.

२ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. गुरुवार होता. बँका बंद, कंपनीचे मालक गायब, आणि ज्या दिनाराच्या जोरावर मी शिस्तीच्या गोष्टी सांगायचो त्याची किंमत काही दिवसांत रद्दीएवढी झाली. सप्टेंबरात आम्ही बसने निघालो. बसरा, बगदाद, मग वाळवंट ओलांडून जॉर्डनच्या हद्दीवरच्या छावण्या, तिथून अम्मान. अम्मानहून एअर इंडियाची विमानं मुंबईला फेऱ्या मारत होती. पाचशेच्या आसपास फेऱ्या झाल्या आणि पावणेदोन लाखांच्या घरात माणसं परत आली. मी त्यातला एक. त्या विमानात शेजारच्या माणसाने मला अर्धी पोळी दिली होती. तिची चव सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही.

सहार विमानतळावर उतरलो तेव्हा पहाट होती. खांद्याला एक बॅग, खिशात काही नाही. बाहेर गर्दीत आपल्या इमारतीचे तेव्हाचे सेक्रेटरी उभे होते, टॅक्सी थांबवून. तीन दिवस रोज येऊन जात होते म्हणे, कारण कुठल्या विमानाने कोण येणार याच्या याद्या धड मिळत नव्हत्या. तेच सेक्रेटरी, ज्यांच्यावर मी चार पानं लिहिली होती. वाटेत त्यांनी त्या पत्राचा विषय काढला नाही. घरी पोचल्यावर म्हणाले, 'आंघोळ कर, पाणी साठवून ठेवलंय.'

यानंतर बावीस वर्षांनी मी सेक्रेटरी झालो आणि जुनी दप्तरं चाळताना ऑक्टोबर १९९० चं मिनिट बुक सापडलं. निळ्या शाईत, किरट्या अक्षरात ठराव होता : घर क्रमांक ८ यांच्याकडून नोकरी लागेपर्यंत देखभाल खर्च मागू नये, सदर रक्कम इतर सभासदांत समान वाटून घ्यावी, व याची वाच्यता संबंधितांकडे करू नये. सूचक ११ नंबर, अनुमोदक २ नंबर. सर्वानुमते मंजूर. मला तेव्हा वाटलं होतं, बायकोने कुठूनतरी भरले असतील. बायकोला वाटलं होतं, मी भरतोय.

देशाने मला विमानाने आणलं, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगतो. त्या ठरावाबद्दल आज पहिल्यांदा लिहितो आहे. मायदेश म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांपुढे नकाशा येत नाही, ते पान येतं. आणि एक शंका छळते : त्या महिन्यात त्यांच्या सभेला कोरम झाला नसता तर?

आता पैशाबद्दल, कारण हा विषय निघाला की तुमच्यातले काही जण तोच मुद्दा काढतात. 'आम्ही परकीय चलन पाठवतो.' मान्य. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे परदेशातल्या भारतीयांनी वर्षाला ११८.७ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले आणि त्यातला पाचवा हिस्सा, सगळ्या राज्यांत जास्त, महाराष्ट्रात आला. पण मी हिशेबनीस आहे, जमेसोबत खर्चाचं पानही बघतो. १९९०-९१ च्या टंचाईत देशाला डॉलरची सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या तेव्हा अनिवासींच्या ठेवी भराभर बाहेर गेल्या. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ४७ टनांच्या आसपास सोनं विमानाने इंग्लंडला पाठवलं, ते आपल्याच डोक्यावरून गेलं. तेव्हा मी बेकार होतो आणि बहुधा गच्चीवर उभा होतो. पुढे १९९८ साली पोखरणच्या चाचण्यांनंतर निर्बंध आले, तेव्हा स्टेट बँकेने रिसर्जंट इंडिया बाँड काढले आणि त्यात सुमारे ४.२ अब्ज डॉलर जमले. वर्तमानपत्रांनी त्याला देशप्रेम म्हटलं. होतंही असेल, पण डॉलरवर ७.७५ टक्के व्याज होतं. पैसा असाच वागतो, त्याला मी नावं ठेवत नाही. मीही कुवेतहून पैसे पाठवले ते माझ्या बहिणीसाठी, भारतमातेसाठी नव्हे. फक्त ठेवीला ठेव म्हणा, त्यागाच्या खात्यात जमा करू नका.

परदेशी राहून देशाचं काम केलेल्या मुंबईकरांत मला दादाभाई नौरोजी मोठे वाटतात. १८५५ साली व्यापारासाठी विलायतेला गेले आणि पुढे बरंच आयुष्य तिथे काढलं. काम काय केलं? आकडेमोड. भारतातून किती संपत्ती इंग्लंडला वाहून जाते याचा हिशेब वर्षानुवर्षं मांडत बसले. त्यात टाळ्या नव्हत्या, ढोल-ताशे नव्हते. १८९२ मध्ये मध्य फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले ते हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी. एकेका माणसाच्या हजेरीला किती किंमत असते हे त्यांना मी सांगायला नको.

मतांवरून आठवलं. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या नागरिकाला २०११ पासून इथल्या मतदारयादीत नाव घालता येतं. २०२४ च्या लोकसभेला अशी १,१९,३७४ नावं यादीत होती. मतदान केंद्रावर आले २,९५८, त्यातले बहुतेक केरळचे. महाराष्ट्रात नावं ५,०९७ आणि मतं १७. सतरा! आपल्या सोसायटीचा कोरम झाला असता, एवढंच समाधान. यात तुमचा सगळा दोष नाही हे मला ठाऊक आहे. प्रत्यक्ष येऊनच मत द्यायचं ही अट सरकारची. टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवता येतील असं निवडणूक आयोगाने २०२० मध्ये कळवलं होतं, पण अजून सुविधा झाली नाही. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं त्यांना तर ओसीआय कार्डावर मत देताच येत नाही. पण हे सगळं धरूनही जे उरतं, ते आपल्याच सभेसारखं आहे. मत सगळ्यांना आहे. मत असणं आणि मत देणं यांच्या मधलं अंतर मात्र विमानाने कापावं लागतं.

आमच्याकडूनही चुका होतात, त्या लपवत नाही. तुम्ही आलात की प्लंबर दुप्पट सांगतो आणि आम्ही गप्प बसतो, कारण 'त्यांना काय कमी आहे'. मुखत्यारपत्र करायला तुम्हाला तिकडच्या वकिलातीत रजा काढून जावं लागतं, मग इथे मुद्रांकाचं लचांड, आणि एवढं करून आणलेला कागद आम्ही परत करतो, कारण उपविधींप्रमाणे सभेला मुखत्यार चालत नाही. हे आधी सांगायचं काम माझं होतं, मी सांगितलं नाही. ऑनलाइन सभेची मागणी तुम्ही केलीत, तेव्हा आम्हा म्हाताऱ्यांना ते जमणार नाही असं ठरवून मी विषय बाजूला सारला. तोही माझा आळस. आणि तुमच्या पाठीमागे आम्ही तुम्हाला काय म्हणतो ते तुम्हाला माहीत नसलेलंच बरं.

पण तीन आठवड्यांसाठी येऊन तुम्ही आम्हाला जे सांगता, तेही आता थोडं कमी करा. कचरा कसा वेगळा करतात, रांग कशी लावतात, हॉर्न का वाजवत नाहीत. ९ जानेवारी हा तुमचा दिवस, २००३ पासून प्रवासी भारतीय दिवस म्हणून साजरा होतो. कारण त्या तारखेला, १९१५ साली, गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून अपोलो बंदरावर उतरले. एकवीस वर्षं बाहेर काढलेला माणूस, नाव झालेलं, सांगण्यासारखं पुष्कळ. नामदार गोखल्यांनी त्यांना काय सांगितलं? वर्षभर बोलू नका. डोळे-कान उघडे ठेवून देश बघा. गांधीजींनी ऐकलं. तुम्हाला मी वर्षभर सांगत नाही. जेट लॅग उतरेपर्यंत तरी.

१७ नंबरच्या आजींविषयी दोन शब्द. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला. मुलगा चांगला आहे. किराणा मोबाइलवरून मागवतो, बाई ठेवली आहे, हॉलमध्ये कॅमेरा बसवला आहे. आजी दुपारी आडव्या होताना त्या कॅमेऱ्यावर रुमाल टाकतात. तिकडे अंधार दिसला की मला फोन येतो. मी वर जातो, आजी जाग्या होतात, मला चहा करतात. आठवड्यातून दोनदा तरी हे होतं. मी एकदा विचारलं, 'रुमाल कशाला टाकता?' म्हणाल्या, 'झोपताना तोंड उघडं राहतं रे, ते त्याला कशाला दिसायला हवं.' मग थोड्या वेळाने म्हणाल्या, 'आणि रुमाल टाकला की कुणीतरी वर येतं.' मातृभूमी शब्दातली माता अशी दुसऱ्या मजल्यावर राहते. भूमीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, आम्ही २०१४ साली कसंबसं करून घेतलं.

आणि ज्याने ईमेलला उत्तर दिलं, त्याच्याबद्दल सांगितलं नाही तर अन्याय होईल. ५ नंबरचा मुलगा, जर्मनीत स्टुटगार्टला असतो, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. लहानपणी सगळ्यांत मठ्ठ म्हणून प्रसिद्ध होता (माफ कर रे). पुनर्विकासाच्या सल्लागाराने दिलेला ८४ पानांचा फिजिबिलिटी रिपोर्ट त्याने दोन रात्री बसून वाचला. आमच्यापैकी कुणी दहा पानांपुढे गेलं नव्हतं. त्याने कळवलं, की तळमजल्याच्या सहा घरांचं कार्पेट क्षेत्र जुन्या मंजूर नकाशाशी जुळत नाही, घरामागे अठरा-वीस चौरस फुटांचा फरक आहे. दुसरं असं, की आपण विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानं चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यात येतो, उंचीला विमानतळ प्राधिकरणाची मर्यादा आहे. मग रिपोर्टात धरलेले वरचे दोन मजले येणार कुठून? सल्लागाराला विचारलं तर तो खाकरला. त्या दोन रात्रींमुळे चोवीस कुटुंबं एका खोट्या स्वप्नातून वाचली. आमच्या डोक्यावरून जाणारी विमानं आम्ही साठ वर्षं बघतोय आणि ती आपल्या इमारतीची उंची ठरवतात हे जर्मनीतून कळावं लागलं!

मला हेच हवं आहे. शाळेला संगणक, गावाला रुग्णवाहिका, मंदिराला कळस हे सगळं उत्तम, त्याचे फोटोही छान येतात. पण ८४ पानं वाचणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही.

सभा आता रविवार, ११ जानेवारी २०२६ रोजी सकाळी दहाला गच्चीवर आहे. मुद्दाम ही तारीख धरली, कारण तेव्हा तुमच्यापैकी निदान तिघे लग्नांसाठी इथे असणार, हे मला तुमच्या आयांकडून कळलं आहे. त्या सकाळी लोणावळ्याला जाऊ नका. (महाबळेश्वरलाही नको, त्याबद्दल वर लिहिलंच आहे.) ज्यांना येणं शक्य नाही त्यांनी सहयोगी सभासद करावा. नवरा, बायको, आई-वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, सून, जावई, पुतण्या, भाची यांपैकी कुणीही चालतं. सभासदाची लेखी संमती असली की त्याच्या गैरहजेरीत सहयोगी सभासदाला सभेला बसता येतं. डोंबिवलीच्या भाचीला विचारा, ती रविवारी मोकळी असते. फॉर्म मी पुन्हा पाठवतो, सही करून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मूळ प्रत आली पाहिजे, फोटो चालणार नाही. पुनर्विकास नको असेल तर नको म्हणायला या. विरोध करायलाही माणूस हजर लागतो. ऑनलाइनचंही बघतो आहे, ५ नंबरच्या मुलाने मला दोनदा शिकवलं, तिसऱ्यांदा शिकवायला तो तयार आहे. घर विकायचं मनात असेल तर तसं स्पष्ट कळवा. आम्हाला वाईट वाटेल, पण तुमच्या जागी येईल तो निदान सभेला येईल.

आजींना यावेळी खाली नाही, वर न्यायचं आहे, गच्चीवर. दोन मजले. चौघं लागतात आणि आमच्यातल्या चौघांचं सरासरी वय आता सदुसष्ट आहे.

कळावे,

आपला,
मानद सचिव
(घर क्र. ८)

ता. क. चाव्यांचा डबा माझ्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात आहे. विमान रात्री कितीही वाजता उतरो, बेल वाजवा, मी जागा असतो. पाणी पहाटे साडेचार ते सहा येतं. घर बरेच महिने बंद असेल तर नळ उघडल्यावर आधी तांबूस येईल. पाच मिनिटं सोडून द्या, मग भरा.